शिक्षा कमी होण्याचा धोका

सकाळी नऊ वाजता कपिल देवस्थळीच्या अपिलाची सुनावणी सुरू झाली. मागणी साधी होती: प्रवेशबंदी असताना जर्मनीत पुन्हा शिरल्याबद्दल झालेली आठ महिन्यांची कैद कमी व्हावी.

गुन्हा कबूलच होता. नोकरी गेल्यावर व्हिसाच्या मुदतीबाहेर राहिला म्हणून त्याची पुण्याला रवानगी झाली होती. बायको ऊर्मिला मात्र जर्मनीच्या सीमेवरच्या आखनमध्ये नोकरीला, आणि तिचे दिवस भरत आलेले. कपिल नेदरलँड्समधून साध्या सिटीबसने आखनला उतरला. कुणी अडवलं नाही. मग त्याने जर्मनीत मुरलेला माणूसच करील ते केलं: रीतसर अपॉइंटमेंट घेऊन पत्त्याची अनमेल्डुंग, म्हणजे नोंदणी, करायला सरकारी कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी वेळेत आल्याबद्दल अभिनंदन केलं आणि पोलिसांना फोन लावला. अन्वी जन्मली तेव्हा बाप कोठडीत होता.

"कायदा इतका पाळणारा गुन्हेगार मी पाहिला नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "शिक्षा आजच संपवता येईल. संध्याकाळच्या भारताच्या विमानात बसवता येईल."

तुरुंगाच्या भेटीत अन्वी आता कुठे त्याला ओळखून हसू लागली होती. तो वकिलाच्या कानाशी लागला. "अपील मागे घेऊ या!"

"आल्झो, म्हणजे असं की, सुनावणी सुरू झाल्यावर सरकारी वकिलांची संमती लागते," वकील म्हणाला.

सरकारी वकील ताडकन उठले. "संमती नाही. आरोपीच्या हिताआड सरकार येणार नाही."

आता साक्ष मराठी मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका यांची. ऊर्मिलाने त्यांची बाही धरली. "काका, पाया पडते. सांगा, हा महालबाड आहे."

"अगं, मंडळाची काही अब्रू आहे की नाही?"

काकांनी कपिलचा प्रामाणिकपणा रंगवून सांगितला. गणपतीत निर्माल्यातून प्लास्टिक वेगळं करणारा हा एकटाच, हेही सांगितलं. न्यायाधीशबाई हेलावल्या.

"परत येणार नाही ना?" त्यांनी कपिलला विचारलं.

"येणार," कपिल आशेने म्हणाला. "पुढच्याच बसने."

"कबुलीतला प्रांजळपणा," बाईंनी लिहून घेतलं, "शिक्षा कमी करण्यास अनुकूल."

बाहेर काकांनी ऊर्मिलाची पाठ थोपटली. "काम झालं समज."

"आणि अन्वी?"

"व्हिडिओ कॉल असतो की!"

निकाल राखून ठेवला आहे. कपिलच्या तत्काळ सुटकेसाठी मंडळाने सह्यांची मोहीम काढली असून शहरातल्या जवळजवळ सगळ्या मराठी घरांनी सही केली आहे. ऊर्मिलाने केली नाही. त्याबद्दल कार्यकारिणीने नापसंती नोंदवली. आपली सही राहिली असेल, तर शुक्रवारपर्यंत मुदत आहे.