तात्या उतरतात

आमचे शेजारी तात्या सायकल चालवतात कमी आणि तिच्यावरून उतरतात जास्त. वाटेत वयानं मोठा माणूस दिसला की पाय जमिनीवर, हात जोडून "राम राम". मोठ्यांसमोरून सायकलवर बसून जायचं नाही, हे अंथुर्णे गावात लहानपणी अंगात भिनलेलं. बारामतीत घर बांधलं तरी ते सुटलं नाही.

आता शहरात कोण मोठं नि कोण लहान, कळायचं कसं? केस तर सगळेच काळे करतात. मग तात्या सरळ विचारतात, "बहात्तरच्या दुष्काळात तुमी खडी फोडत व्हता, का आईच्या कडेवर व्हता?" खडीवाल्याला नमस्कार. कडेवरचा निघाला, तर तात्या त्याच्यादेखत टांग मारून चालते होतात. एकदा त्यांनी बँकेत एका बाईंना हेच विचारलं. पुढचं न सांगितलेलं बरं.

निवृत्त झाल्यावर मी स्कूटर मुलीला देऊन टाकली आणि सायकल काढली. सकाळी कालव्याच्या कडेनं तात्यांबरोबर मंडईत जायचं म्हणजे घड्याळ घरी ठेवायचं. पाण्यावर धुकं असतं, कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड वास येतो, चाकं आपली आपणच फिरताहेत असं वाटतं. मेथी आणायची होती की कोथिंबीर, हे मी रोज विसरतो आणि घरी बोलणी खातो.

कालव्याच्या वळणावर गोपाळआबांचं फाटक होतं. नव्वदीचे आबा खुर्ची टाकून बसलेले. तात्या उतरले की आबा खेकसायचे, "नाम्या, चाकात हवा न्हाय! ध्यान कुठं असतं तुझं?"

"व्हय आबा, भरतो," म्हणत पंचाहत्तरीचे तात्या मान खाली घालायचे. आता त्यांना 'नाम्या' म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ज्यांच्यासाठी उतरायचं ती माणसं एकेक करून कमी होत चालली होती, आणि तात्या आबांच्या तब्येतीला फार जपायचे. आबांना शिंक आली तरी ह्यांचा जीव खालीवर.

थंडीत आबा गेले. त्यानंतर तात्या एकटेच निघायला लागले आणि माझ्या आधी मंडईतून परतायला लागले. वाटेत कुठं थांबणंच नाही. मला ते बघवेना.

एके दिवशी त्याच वळणावर ते समोरून येताना दिसले. वाटलं, आज यांच्यासाठी कुणीतरी उतरावं. मी सायकलवरून उतरलो, हात जोडले. "राम राम, तात्या."

तात्या थबकले. आधी त्यांनी मागं वळून पाहिलं. माझ्यामागं कुणी मोठं माणूस आहे का, तेही पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"चढ बाबा, चढ सायकलवर. मला इतक्यात म्हातारा नगं करूस."