पोफळीवरच्या पोरी

साहेब, मांडव तुम्हीच पाडलात!

तालुकाभर सांगत सुटलात की कॉलेजातल्या पोरींनी पाडला. साफ खोटं! तुमचं नाव इथं घालत नाही. घातलं की तुम्ही वरच्या साहेबाकडे बोट दाखवाल, आणि तो त्याच्याही वरच्याकडे. त्या दिवशी मखमली गादीच्या खुर्चीत ज्यानं बूड टेकलं होतं, त्यानं काय ते समजून घ्यावं. तुम्ही गोष्ट मांडव पडला तिथून सांगता. ती सुरू कुठून झाली ते आता ऐका.

आगरदांड्याच्या खाडीच्या अलीकडे एक कॉलेज, पलीकडे दिघीच्या बाजूला दुसरं. दोन्ही नवी. भिंतींचा चुना अजून अंगाला लागायचा, पण वैर मात्र सात पिढ्यांचं असावं तसं! दर माघात दोघांचा कसरतींचा मेळावा भरायचा. मुलींची ढाल सुरुवातीपासून पलीकडेच मुक्कामाला होती. आठवडी बाजारात भेटल्या की पलीकडच्या पोरी विचारायच्या, "काय गं, ढाल बघायला तरी याल ना यंदा?"

अलीकडच्या मुलींचा संघ नीराबाईंच्या ताब्यात होता. नीराबाई मराठी शिकवायच्या. कॉलेजात त्या एकट्याच बाई, म्हणून मुलींच्या कसरती त्यांच्या गळ्यात! आयुष्यात साधी कोलांटी मारलेली नव्हती. पण बोलायला लागल्या की समोरच्याला वाटावं, ही बाई आत्ता छपरावरून उडी मारून आली आहे.

प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. "नीराबाई, यंदा ढाल आली नाही तर मुलींचा संघ बंद. तो तास आपण शिवणकामाला देऊ."

"शिवणकामाला?" नीराबाई ताडकन उठल्या. "सर, ढाल कुठं टांगायची तेवढं सांगा!"

"पण बाई, तयारी..."

"तयारीचं मी बघते!" म्हणून त्यांनी शिपायाकडून हातोडी मागवली आणि प्राचार्यांच्याच खोलीत, त्यांच्याच डोक्यावर, ढालीसाठी खिळा ठोकला. भिंतीचा पोपडा सुटून प्राचार्यांच्या चहात पडला. प्राचार्यांनी तो चमच्यानं काढला आणि चहा पिऊन टाकला. बायकांशी वाद घालायचा नाही, हे त्यांना घरी शिकवलं गेलं होतं.

बढाई मारून झाल्यावर नीराबाईंच्या ध्यानात आलं, आपल्याकडे मल्लखांबच नाही! कॉलेजात होता एक, सागवानी, तेल पाजलेला, गुळगुळीत. पण तो मुलांचा. मुलांचे मास्तर म्हणाले, "घ्या की बाई! आमचा सराव आटपला की खांब तुमचाच." त्यांचा सराव आटपायचा तेव्हा मुलींची शेवटची एस.टी. निघून गेलेली असायची.

नीराबाई झाडाखाली डोकं धरून बसल्या. तेव्हा संघाची कप्तान कुमुद म्हणाली, "बाई, आमच्या वाडीत आहेत ना मल्लखांब."

"तुमच्या वाडीत? किती?"

"मोजले नाहीत कुणी. पोफळी आहेत बाई, सुपारीच्या. सरळसोट, उंच, फांदी म्हणून नाही. मल्लखांबाला आणखी काय लागतं?"

कुमुदचे वडील, त्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, कॉलेजाला लागून असलेल्या आपल्या वाडीच्या बेड्यापाशी, फाटकातच, उभे राहून हे ऐकत होते. सुपारी उतरवायला त्या सालात गडी मिळत नव्हते. जो तो मुंबईला गिरणीत. दादांचे डोळे चकाकले. "चढा की पोरींनो! खुशाल चढा! फक्त वर गेलात की रिकाम्या हातानं उतरायचं नाही. पिकला घड दिसला की तोडायचा आणि खाली द्यायचा. तेवढाच हाताला व्यायाम!"

झालं! पोरी नऊवारीचा काचा मारून पोफळीवर चढायला लागल्या. पहिले काही दिवस चढण्यापेक्षा घसरणंच जास्त. पण जनी म्हणून एक मुलगी होती. डोंगराकडच्या भातशेतीवाल्या घरातली, उंचीनं पायलीएवढी, बोलणं मोजकं. ती चढायची ती खारीसारखी. बरं, नुसती चढायची नाही! सुपारी उतरवणारे गडी एका पोफळीवरून खाली येऊन दुसरीवर चढत नाहीत. एवढा वेळ कुणाला आहे? ते शेंड्यापाशी झाड डुलवतात, डुलवत डुलवत शेजारची पोफळ हाताशी आली की हिला सोडून तिच्यावर जातात. जनीनं हे आजोळी बघितलं होतं. पहिल्या वेळी तिनं तशी झेप घेतली तेव्हा नीराबाईंनी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. डोळे उघडले तर जनी तिसऱ्या झाडावर!

"जने! पुन्हा करून दाखव!" बाई ओरडल्या.

"परत मागं येऊ का पुढं जाऊ, बाई?"

"कुठंही जा! अगं, हीच आपली खास कसरत! पलीकडच्यांचे डोळे पांढरे होतील!"

मग काय, सगळ्याच पोरी झाडाझाडांवरून हिंडायला लागल्या. खाली संघातली नलू गोणपाट पसरून उभी असायची. वरून "सांभाळ गंऽ!" अशी आरोळी आली की धावत जाऊन घड झेलायची. माघ लागेपर्यंत दादांची सबंध वाडी उतरली. दादा पोरींना रोज कोकमाचं सरबत पाजायचे आणि नीराबाईंना सांगायचे, "बाई, बायकांनी खेळात पुढं यायलाच हवं. पुढल्या वर्षी नारळावर घेऊ!"

मेळाव्याच्या दिवशी संघ आगरदांड्याहून होडीत बसला. नीराबाई मधोमध, निशाण धरल्यासारखी छत्री धरून. "जनी पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर जाईल ना," त्या सांगत होत्या, "तेव्हा टाळ्यांनी..." आणि थांबल्या. होडी ऐन खाडीच्या मध्यावर होती.

"कुमुद, त्यांच्याकडे दुसरा खांब असेल ना गं?"

"दुसरा कशाला बाई? मल्लखांब एकच असतो."

इतक्या दिवसांत एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं! होडीवाल्या सदानं मागं वळून विचारलं, "बाय, परत फिरवू काय?"

"खबरदार!" नीराबाई म्हणाल्या. तोंड चुन्यासारखं झालं होतं, पण आवाज तोच. "जने, इकडे बघ. वर जायचं, कसरती करायच्या, शेंड्यावर सलामी द्यायची, खाली यायचं. डुलायचं नाही."

"व्हय बाई."

"काही तोडायचं नाही."

"न्हाय बाई."

"आणि जायचं नाही."

"कुठं, बाई?"

"कुठंच नाही!"

आता साहेब, शिक्षणखात्याचे पाहुणे म्हणून तुम्ही या. पलीकडच्या मैदानात मल्लखांब रोवला होता आणि भोवती मोकळी जागा सोडून तुमच्यासाठी मांडव घातला होता. नियम तसाच आहे. पलीकडच्या संघाच्या आनंदीबाईंनी ती जागा स्वतः पावलं टाकून आखून घेतली होती. पण तुम्हाला ऊन लागत होतं, आणि लांबून नीट दिसतही नव्हतं. "मांडव पुढं घ्या," तुम्ही म्हणालात. घेतला. "आणखी पुढं." घेतला. आनंदीबाई म्हणाल्या, "साहेब, खांबाला खेटेल." तुम्ही म्हणालात, "बाई, आम्हाला शिकवू नका. आणखी पुढं!" मांडवाचे खांब घाईघाईत उपटले आणि वाळूत वीतभर खोचले. वर कापड ताणलं, दोऱ्या बांधल्या, पुढच्या खांबाच्या टोकाला ध्वनिक्षेपकाचा कर्णा अडकवला. आणि ते खांब कशाचे होते, बघितलंत? पोफळीचे! जनीला दुसरा खांब नव्हता म्हणून नीराबाई अर्धी खाडी झुरत आल्या. तो तुम्ही आणून दिलात. हातभर अंतरावर!

मेळावा रंगला. पलीकडच्या पोरींनी तिमजली मनोरा केला. अलीकडच्यांनी चौथा मजला चढवला; वरची बायजा शिंकली, पण मनोरा हलला नाही. पलीकडच्यांची कप्तान मल्लखांबावर गरगर फिरून आली. कुमुदनं उलटं लटकून नमस्कार केला. गुण बरोबरीला आले. उरली होती जनी एकटी.

नीराबाईंच्या हातातला पदर पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. जनी उतरेपर्यंत संघ जिवंत; उतरताना चुकली की शिवणकाम!

जनी खांबाच्या पाया पडली आणि सरसर वर गेली. पायांची मिठी मारून पाठीवर झुकली, वेलीसारखी खांबाला वळसे घालून फिरली, डोकं खाली पाय वर करून थांबली. पलीकडच्या पोरी खुन्नस विसरून टाळ्या पिटायला लागल्या. शेंड्यावर उभी राहून तिनं सलामी दिली. "उतर आता, बये," नीराबाई पुटपुटल्या. ढाल त्यांना दिसायला लागली होती.

पण सवय मेली वाईट! शेंडा आला की जनीचं अंग आपोआप डुलायचं. ती डुलली. सागवानी खांब काही डुलेना. तिला वाटलं, झाड वाळलंय; वाळल्या झाडावर थांबू नये. समोर बघितलं तर ओळखीची साल, ओळखीच्या कड्या, हाताशी उभी पोफळ!

"जनेऽऽ! नकोऽऽ!" नीराबाई किंचाळल्या.

जनी मांडवाच्या खांबावर होती. हात शेंड्याकडे गेला, शेंड्याशी काहीतरी गरगरीत लागलं, तिनं हिसडा मारून ओढलं. "सांभाळ गंऽ!" कर्णा खाली आला. आणि नलू! तिला कुणी सांगितलं होतं धावायला? पण ती गोणपाटाऐवजी पदर पसरून धावली आणि कर्णा अलगद झेलला! लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, हे सगळं बसवलेलं आहे.

खांब वीतभर वाळूत. तो कलायला लागला. जनीला वाटलं, चला, हे झाड तरी डुलतंय! ती कलानं कलानं दुसऱ्या खांबावर गेली. मागचा पडला. दुसरा कलला, ती तिसऱ्यावर. दुसरा पडला. साहेब, तुम्ही तोपर्यंत चिवड्याची बशी सांभाळत "बसा, बसा, काही नाही" म्हणत होता. जनी शेवटच्या खांबावरून कोलांटी घेत वाळूत दोन पायांवर उतरली, टाचा जुळवल्या आणि सलामी दिली. तिच्या पाठीमागे मांडव फुस्स करून बसला. त्याच्याखाली तुम्ही, तुमचे हाताखालचे साहेब, दोन्ही प्राचार्य, सरपंच आणि चहाची किटली!

मग कापडाखालून कुणीतरी ओरडलं, "भूकंप!"

जनी पांढरीफटक पडली. "बाई, मला वाटला दुसरी पोफळ हाय. माझा चुकला का?"

नीराबाई धावत आल्या. त्यांनी तिला नुसतं पोटाशी धरलं. एवढ्यात आनंदीबाई पदर खोचून तरातरा त्यांच्याकडे येताना दिसल्या. आता ही झिंज्या धरणार! आनंदीबाई आल्या, जनीला आपल्याकडे ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठं शिकलीस गं ही उडी? आमच्या पोरींना शिकवशील?"

तेवढ्यात तुम्ही कापडाखालून बाहेर आलात. हार कानात, चिवडा मिशीत. "बाद! हा संघ बाद! मांडवाला हात लावला!"

"साहेब," आनंदीबाई म्हणाल्या, "पोरगी मांडवात नाही गेली, मांडव मैदानात आला होता. मी सांगत होते तुम्हाला."

"तुमचा संघ जिंकलाय! तुम्ही कशाला बोलता?"

"म्हणूनच बोलते. अशी ढाल आम्हाला नको."

पलीकडच्या पोरींनी जनीला खांद्यावर घेतलं. अलीकडच्या पोरी रडत होत्या की हसत होत्या, ते त्यांनाही कळत नव्हतं. ढाल कापडाखाली कुठंतरी होती. ती शोधायला एकही पोरगी वाकली नाही.

इथंच संपलं असतं तर आम्हीही हसलो असतो, साहेब. चार दिवस गावात हसलोही! दादांनी तर जनीला पाटी भरून सुपारी पाठवली. पण मग तुमचा हुकूम आला. दोन्ही कॉलेजांना, दोन्ही संघांना. मुलींच्या कसरती यापुढे बंद. कारण काय? तर उंचावर चढून मुली पडतात, त्यांना इजा होते, त्यांची शरीरं नाजूक!

आज त्या तासाला नीराबाई पोरींना काजं करायला शिकवतात. त्यांना स्वतःला येत नाहीत. जनी खिडकीपाशी बसते, सुईत दोरा ओवते आणि बाहेर बघत राहते.

तर साहेब, एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी त्या मैदानावर पडलं कोण? तुम्ही पडलात. तुमचे हाताखालचे पडले, सरपंच पडले, दोन्ही प्राचार्य एकमेकांच्या अंगावर पडले. कंबरेला शेक तुम्ही घेत होता, पायाला पट्टी सरपंचांच्या होती. पोरींतली एक तरी पडली? एकीला तरी खरचटलं?

मग नाजूक कोण? आणि बंदी घालायची तर ती कुणाच्या चढण्यावर, पोफळीवरच्या पोरींच्या की खुर्चीवरच्या तुमच्या? बोला. उत्तर द्या!