मंगळाचे चंद्र पाळण्यात

वर्षालीनं मोबाइलवर ‘फोबोस’चा अर्थ शोधला, तेव्हा एसटी मूर्तिजापूर सोडून अकोल्याकडे निघाली होती. हे काम अमरावतीतच करायला हवं होतं.

दहावीतली वर्षाली आत्या झाली होती, तीही एकदम जुळ्यांची. आज अकोल्यात वहिनीच्या माहेरी बारसं होतं आणि नाव ठेवायचा मान तिचा. मंगळाला दोन छोटे चंद्र आहेत हे वाचलं आणि तिनं ठरवून टाकलं: थोरला फोबोस, धाकटा डिमोस. असा रुबाब अख्ख्या घरात कुणाच्या नावाला नव्हता. वहिनीच्या आईला, माणिकबाईंना, तिनं स्वतः फोन करून नावं कळवली.

आणि आता मोबाइल म्हणत होता, ग्रीक शब्द. फोबोस म्हणजे भीती. डिमोस म्हणजे धास्ती.

“आई, नावं बदलवता येतीन काय?”

“आता? माणिकबाईनं चांदीच्या वाट्यांवर कोरून घेतले. काहून वं?”

“असंच.”

अकोल्यात दारावरच फ्लेक्स होता. दोन गुबगुबीत फोटो, खाली नावं, मागे लालभडक मंगळ. शेजारची रूपाली, दिवस भरत आलेलं पोट सांभाळत, तो वाचत उभी होती.

“अर्थ काय वं याचा?”

“शूर,” वर्षालीच्या तोंडून निघून गेलं.

“दोघाइचाबी?”

“एक शूर. एक जास्त शूर.”

“सांगते सगळ्याइले,” म्हणत रूपाली आत गेलीसुद्धा.

पाळणा हलला. बायका वर्षालीच्या मागे हात सरसावून उभ्या राहिल्या. आत्यानं कुर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचेच असतात. वर्षाली वाकली. थोरला तिच्याकडे इतक्या विश्वासानं बघत होता, की याला जन्मभर भीती म्हणून हाक मारायची, या विचारानं तिनं उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं.

“सांग ना वं,” माणिकबाई म्हणाल्या आणि पहिला धपाटा बसला. त्यासरशी मनातलं सगळं तोंडातून बाहेर पडलं.

“फोबोस म्हंजे भीती हाये. अन् डिमोस म्हंजे धास्ती. शूर मी खोटंच सांगतलं.”

वहिनीचा चेहरा उतरला.

माणिकबाईंनी कमरेवर हात ठेवले. “मंग? माह्या सासऱ्याचं नाव काय होतं? धोंडू. दिराचं? केरबा. दृष्ट लागू नये म्हणूनच ठेवले ना? अन् धास्तीले कोणाच्या बापाची दृष्ट लागते? ठेव वं पोरी, हेच ठेव.”

मग मात्र धपाटे दणादण पडले.

घुगऱ्या खाताना रूपालीनं वर्षालीला कोपऱ्यात ओढलं.

“मंगळाले अजून चंद्र हाये का?”

“नाही. दोनच.”

“मंग दुसऱ्या ग्रहाचा पाह्य.” रूपालीनं पोटावर हात ठेवला. “पण याइच्यापेक्षा जरा जास्त भेवाचं काढजो.”