पहिल्या रांगेतले सर

"हे बघा, दोनच दिवस आहेत. नाटक बघायचं, थोडं फिरायचं आणि परत यायचं," बायकोने आधीच बजावून ठेवलं होतं. "वेळापत्रक करायचं नाही."

"वेळापत्रक कुठे करतोय? नुसता आराखडा आहे," सर म्हणाले आणि त्यांनी पट्टीने आणखी एक रेघ मारली.

सर शाळेत पर्यवेक्षक होते. शिकवण्यात त्यांच्यापेक्षा सरस माणसं शाळेत होती, पण परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते सगळ्यात मागे डोळे मिटून उभे राहत. कॉपी डोळ्यांना दिसायच्या आधी कानांना कळते, असं त्यांचं मत होतं. कुजबुज कुठल्या रांगेतून आली, कोणी विचारलं आणि कोणी सांगितलं, हे ते पापणी न उघडता सांगत. सापडलेल्याला त्यांनी आजवर सोडलं नव्हतं. "मामा, पहिलीच वेळ आहे," म्हणून एकदा सख्खा भाचा रडला होता. सरांनी त्याला डोळे पुसायला स्वतःचा रुमाल दिला आणि उत्तरपत्रिका काढून घेतली.

पुढे त्याच भाच्याच्या लग्नात सर "मागची रांग, शांतता!" असं ओरडले होते आणि मागच्या रांगेत मुलीकडची सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. त्यानंतर एका आजोबांनी बंद पंख्यावरून सरांनाच का झापलं, हे कोडं मात्र सरांना अजून उलगडलेलं नव्हतं.

आता नाटकाचं. त्यात मुख्य काम होतं बायकोच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं. एकेकाळी दोघी एकाच स्टेजवर उभ्या राहिल्या होत्या. पुढे मैत्रीण रंगभूमीवर गेली आणि बायको बँकेत. बायको म्हणे, मला त्याचं काही वाटत नाही. आणि मग तासभर स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत. इतक्या वर्षांत गाठभेट नव्हती. अचानक मैत्रिणीचा फोन आला होता.

"प्रयोगाला ये. मधल्या रांगेतल्या दोन खुर्च्या ठेवते. आणि नवऱ्याला घेऊन ये गं, तुझ्या लग्नात मी दौऱ्यावर होते, बघायचाच राहिलाय. करतात काय ते?"

"एज्युकेशनमध्ये आहेत," बायको म्हणाली आणि तिने घाईघाईने हवेचा विषय काढला.

फोन ठेवून ती सरांच्या समोर येऊन बसली. मग म्हणाली, "अहो, एक सांगू? तिच्यासमोर जरा… नेहमीसारखं नको."

"नेहमीसारखं म्हणजे कसं?"

"हे असं. समोरच्याला उभं करून उत्तर मागितल्यासारखं."

"मी साधं विचारलं."

"तुम्ही साधं विचारलंत की शेजारचा मुलगा त्याच्या घरात उभा राहतो. एक संध्याकाळ, अहो. तिला वाटायला हवं, हिचं बरं चाललंय. बाकी काही मागत नाही मी."

सरांनी मान डोलावली आणि आराखड्यात 'मैत्रिणीची भेट' या रकान्याखाली 'हसणे' असं लिहिलं.

ठरल्या दिवशी बस उशिरा निघाली आणि आराखड्याला पहिला तडा गेला. वेळ कमी उरला म्हणून प्रश्न सोडायचे नसतात, भरभर लिहायचं असतं, हे सरांचं तत्त्व. त्यामुळे म्युझियम त्यांनी जवळजवळ पळत पाहिलं.

"अहो, हे चित्र किती सुंदर आहे! कोण असेल हा?"

"राजा असावा. चला, खाली अजून एक मजला आहे."

बाग झाली, मनोरा झाला, बाजारही झाला. बायकोच्या टाचेला फोड आला. दुपारी लॉजवर पोचले, तर मॅनेजर म्हणाला, "रूम तयार नाही. आधीचे गेस्ट झोपलेत."

"पण ही आमची झोपेची वेळ आहे," सर म्हणाले.

"ते बरोबर आहे हो. पण झोपलेत ते."

सर लॉबीतल्या सोफ्यावर ताठ बसून राहिले. डोळा लागला की मॅनेजरचा फोन वाजे. दुसऱ्या कोणीतरी त्यांच्या पलंगावर त्यांची झोप घेत होतं, आणि सर ती संध्याकाळपर्यंत उधार ठेवून होते.

थिएटरच्या खिडकीवर मैत्रिणीने ठेवलेलं पाकीट मिळालं. बायको केस नीट करायला आत गेली तेवढ्यात सरांनी तिकिटं पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मधली रांग! मधल्या रांगेत कोण बसतं, हे त्यांना इतक्या वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं. शेजारीच पहिल्या रांगेची तिकिटं घेतलेलं एक जोडपं उभं होतं. सरांनी अदलाबदल सुचवली. ते जोडपं इतक्या आनंदाने तयार झालं की खरं तर सरांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

"अहो, तिने मुद्दाम ठेवल्या होत्या त्या खुर्च्या! ती तिथे बघणार आपल्याला," बायको कळवळून म्हणाली.

"पहिल्या बाकावरून नीट ऐकू येतं."

हे मात्र शब्दशः खरं ठरलं.

अंधार झाला. खुर्ची लॉजच्या सोफ्यापेक्षा मऊ होती. थोड्या वेळाने सरांचे डोळे मिटले. बायकोने कोपर मारलं. "झोपू नका ना."

"झोपत नाहीये. ऐकतोय."

सर हे वाक्य आयुष्यभर खरं बोलत आले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ते खोटं होतं.

स्टेजवर प्रसंग रंगात आला होता. मैत्रीण आईच्या भूमिकेत. मोठा झालेला मुलगा तिला विचारतो, "त्या दिवशी तू कुठे होतीस, आई?" आई सावकाश खिडकीशी जाते. थांबते. काही बोलत नाही. सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. मागे कोणीतरी नाक ओढलं. काय ताकदीचा पॉज आहे, असं सगळ्यांना वाटलं. फक्त पहिल्या रांगेला विंगेतून एक दबका आवाज ऐकू येत होता: "मी स्टेशनवर होते… स्टेशनवर… अहो, स्टेशनवर…"

सरांची झोप मोडली नाही. मोडली असती तर पुढचं टळलं असतं. झोपेतच त्यांचे कान जागे झाले, कानांनी पाय उठवले आणि पायांनी सर उभे केले.

"कोण सांगतंय तिला?"

आवाज छपरापर्यंत गेला आणि परत आला.

"तिचं तिला लिहू दे! सांगणारा कोण आहे तो? उभा राहा! उत्तरपत्रिका काढून घेईन!"

सभागृहातल्या निम्म्या लोकांनी नकळत पाठी ताठ केल्या. विंगेत खडखड झाली आणि एक टकले, पोट सुटलेले गृहस्थ हातात नाटकाची संहिता घेऊन थेट स्टेजवर येऊन उभे राहिले. खाली मान घालून ते म्हणाले, "सॉरी सर." हे सर आहेत असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण काही आवाजांना ओळखपत्र लागत नाही.

आता सर जागे झाले. समोर दिवे, दिव्यांत एक टकला माणूस, त्याच्याकडे रोखलेलं स्वतःचं बोट. ते बोट खाली कसं आणावं, हे त्यांना सुचेना.

मैत्रीण खिडकीपाशी वळली. दिव्यांपलीकडच्या अंधाराला हात जोडून म्हणाली, "सर, पाच मिनिटं वाढवून द्या ना. आठवतंय मला."

सभागृहात हशा फुटला. लोक खुर्च्यांचे हात बडवून हसले. मैत्रिणीने हसू विरेपर्यंत वाट पाहिली, पुन्हा खिडकीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "मी स्टेशनवर होते." मघाशी हसणाऱ्यांनी आता डोळे पुसले. नाटक पुढे गेलं. सर मात्र त्या वाक्यापाशीच बसून राहिले. कान तापले होते. खुर्ची मिटून आपल्याला आत घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

पलीकडच्या बाई वाकून बायकोला म्हणाल्या, "तुमच्याबरोबर आहेत का हो हे?"

"छे!" बायको कुजबुजली. "मी एकटीच आलेय."

सरांनी डोळे मिटले. पण कान कसे मिटतात, हे ते कधी शिकले नव्हते.

मध्यंतरात ते बाहेर गेले तर चहाच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली. "सर, जरा जाऊन येऊ का?" असं म्हणत एका चाळिशीच्या माणसाने करंगळी वर केली आणि त्याचे मित्र भिंतीला टेकून हसले. सरांनी दोन कप चहा घेतला. बायको खांबाशी उभी होती. त्यांनी एक कप पुढे केला.

"नको," ती इकडे तिकडे बघत म्हणाली. "अनोळखी माणसाकडून कसा घेऊ?"

सरांनी दोन्ही कप स्वतःच प्यायले. आता झोप येण्याची काही शक्यता नव्हती.

पडदा पडल्यावर बायको समोर बघतच म्हणाली, "मी आत तिला भेटून येते. तुम्ही बाहेर थांबा. लांब."

लांब म्हणजे किती, हे सरांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही. ते मागच्या फाटकापाशी, कचऱ्याच्या डब्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी सगळ्या परीक्षा आठवल्या. वर्गाबाहेर उभी केलेली मुलं नेमकी काय बघत उभी राहतात, याचा विचार त्यांनी पूर्वी केला नव्हता. आता कळलं. काहीच नाही. पायाचा अंगठा.

इतक्यात ते टकले गृहस्थ धावत आले. "सर, बाईंनी तुम्हाला आत बोलावलंय."

"रागावल्यात का?"

"माहीत नाही सर. मी विचारलं नाही सर."

मेकअपच्या खोलीत आरशाभोवती दिवे लागले होते. मैत्रीण कापसाने चेहरा पुसत होती आणि स्टुलावर बायको बसली होती. सरांना दारात पाहताच तिचा चेहराही कोणीतरी पुसून काढल्यासारखा झाला.

"या सर, या! ही माझी कॉलेजातली मैत्रीण. खास नाटकाला आलीये, एकटीच. नवरा ऐनवेळी कामात अडकला हिचा."

सरांनी हात जोडले. "नमस्कार."

"नमस्कार," बायको त्यांच्या बुटांना म्हणाली.

"बाई, मला क्षमा…"

"क्षमा कसली? अहो, ओळ खरंच गेली होती माझी! याची कुजबुज मला सोडून सगळ्यांना ऐकू जाते. तुम्ही ओरडलात, लोक हसले, तेवढ्यात सापडली. वाचवलंत मला." ती बायकोकडे वळली. "हिचे मिस्टरही एज्युकेशनमध्येच आहेत. पण स्वभाव अगदी उलटा. सांग ना गं यांना."

"असू दे गं."

"मघाशी तर भरभरून सांगत होतीस! कधी आवाज चढवत नाहीत म्हणे. फिरायला गेलं की घड्याळ बघत नाहीत. आज सकाळी येता आलं असतं तर म्युझियममध्ये एकेका चित्रासमोर हिच्याशेजारी उभे राहिले असते."

सर बराच वेळ आरशातल्या एका दिव्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला आवडेल त्यांना भेटायला."

"मलाही," बायको पुटपुटली. पुटपुटणं इतकं बारीक होतं की ते फक्त सरांना ऐकू आलं.

"मग उद्याच भेटा!" मैत्रीण उत्साहाने म्हणाली. "उद्याही प्रयोग आहे. गं, तू नवऱ्याला फोन करून बोलावून घे. आणि सर, हा तुम्हाला दोघांचा पास. तुमच्या मिसेसना आणा. बघू तरी कोण बिचारी सांभाळते तुम्हाला! यावर तेवढं नाव लिहा."

सरांनी पास घेतला, पेन घेतलं आणि चष्म्यासाठी वरचा खिसा चाचपला. मग खालचा. मग पँटचे दोन्ही.

"अहो, कपाळावर आहे," बायको म्हणाली.

खोलीत मघाच्या पॉजपेक्षाही मोठा पॉज पडला. बायकोने तोंडावर हात नेला, पण वाक्य केव्हाच बाहेर पडलं होतं. सरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो धुकट झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं. दारातले टकले गृहस्थ एक पाऊल मागे सरले; पकडलं जाण्याच्या जागा त्यांना कळत होत्या.

मैत्रिणीने आधी सरांकडे पाहिलं, मग बायकोकडे. नटीच ती, या सुरातला 'अहो' तिने कितीतरी नाटकांत उच्चारला होता. स्टुलावर बसलेल्या बायकोची मान आता शाळकरी मुलीसारखी खाली गेली होती.

"असं आहे होय!" मैत्रीण म्हणाली. तिने खुर्ची फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने हात पुढे केला. "सर, घ्या काढून हिची उत्तरपत्रिका."

सरांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून तिला दिला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पहिलीच वेळ आहे."

मैत्रीण आधी हसली, मग तिने बायकोला मिठी मारली आणि मग दोघींनी इतक्या मोठ्याने बोलायला सुरुवात केली की एरवी सरांनी त्यांना वेगवेगळं बसवलं असतं. सर हसून ऐकत राहिले. आराखड्यात तसं लिहिलंच होतं.

परतताना रस्ता रिकामा होता. फोडामुळे बायको हळूहळू चालत होती आणि सर चक्क तिच्याबरोबरीने चालत होते.

"अहो," बायको म्हणाली, "पहिली वेळ नाहीये."

"काय?"

"भाच्याच्या लग्नात तुम्ही मागच्या रांगेवर ओरडलात ना, तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, हे कोण. मी म्हटलं, हॉलचे मॅनेजर आहेत."

सर दिव्याखाली थांबले. त्यांना पंख्यावरून झापणारे ते आजोबा आठवले. आणि हेही आठवलं, की आपण तेव्हा मुकाट्याने स्टुलावर चढून तो पंखा दुरुस्त करून दिला होता.