हेरंब साळिंदराचा चौकातला नंबर

एका जंगलात, मुलांनो, कोणीच हॉर्न वाजवत नसे.

गाड्या सगळ्यांकडे होत्या. गाड्यांना हॉर्नही होते. पण तो वाजवणं म्हणजे समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणं, अशी तिथली समजूत होती. हे जंगल फार लांब होतं. डोंगर, समुद्र आणि दोन विमानं ओलांडून जावं लागे. तिथे हेरंब नावाचा एक साळिंदर नोकरीला होता.

हेरंब मूळचा आपल्याकडचाच. पण तिकडे गेल्यापासून त्याला मतं फुटली होती. अंगावर जितके काटे, तितकी मतं. सुटीच्या दिवशी आपल्याकडची चार साळिंदरं जमत, तळलेले वडे खात आणि आपल्याकडे काही सुधारणार नाही, यावर एकमत करत.

अशा या हेरंबचं लग्न झालं. अबोली नावाची साळिंदरीण नवी नवरी होऊन त्याच्याबरोबर गेली. विमानतळावरून घरी जाताना पहिल्याच चौकात हेरंबने गाडी थांबवली. चारी बाजूंना चिटपाखरू नव्हतं. अबोलीला वाटलं, गाडी बंद पडली. ती धक्का मारायला उतरणार, इतक्यात हेरंब म्हणाला, "बघितलंस? कोणी नसलं तरी थांबायचं."

अबोलीने बघितलं. ती बोलायची कमी. बघायची मात्र पुष्कळ.

मग त्याने तिला नियम समजावला. चौकात जो आधी आला, तो आधी जाणार. दोघं एकदम आले, तर उजवीकडचा आधी. मग तो हत्ती असो की ससा. हा नियम हेरंबला इतका आवडे, की तो घरातही पाळायला बघे. सकाळी बाथरूमच्या दाराशी दोघं एकदम आली, की तो सरकून सरकून अबोलीच्या उजवीकडे यायचा.

तिकडे छानच होतं, खोटं कशाला बोला. मुंगी रस्ता ओलांडायला लागली, तर अस्वल गाडी थांबवून बसे. कचऱ्याचे डबेसुद्धा ठरल्या वारी, ठरल्या जागी, ताठ उभे राहत. फक्त 'कुठे निघालात?' असं कोणी विचारत नसे. शेजारी एक मोठ्या शिंगांचा मूस, म्हणजे तिकडचं थोराड हरीण, राहायचा. फार सज्जन. रोज कुंपणापाशी शिंगं हलवून सांगायचा, की आज ऊन छान पडलंय. ऊन अबोलीलाही दिसत होतं. तिचे डोळे रडून सुजलेले असले, तरी मूसला ऊनच दिसायचं.

गाडीशिवाय तिकडे दूधसुद्धा मिळत नसे. अबोलीने एकदा किल्लीकडे नुसतं पाहिलं, तर हेरंब म्हणाला, की तुला इथे जमायचं नाही, तुझी सगळी सवय आपल्याकडच्या गोंधळाची. खरं म्हणजे अबोली लग्नाआधी वडिलांची जीप बाजाराच्या दिवशी भर बाजारातून काढत असे. पण नवऱ्याने ते कधी विचारलं नव्हतं. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही तिकडची रीत ती शिकली होती.

आणि मग धाकट्या बहिणीचं, शाल्मलीचं, लग्न ठरलं. गोरज मुहूर्त. फोनवर शाल्मली एवढंच म्हणाली, "ताई, पाठीशी करवली म्हणून तू नसलीस, तर मी पाटावर उभी राहणार नाही. गुरुजींना सांगून ठेवलंय."

दोघं निघाली. विमानाला उशीर झाला. शहरात उतरून हेरंबने भाड्याची गाडी घेतली आणि ती मोहवाडीच्या चौकात आली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौकापलीकडे कार्यालय. दारावरचा झेंडू इकडून दिसत होता. सनई ऐकू येत होती.

हेरंबने गाडी थांबवली.

एक रानडुक्कर रिक्षा घेऊन समोरून निघून गेलं. हेरंब म्हणाला, की ते आपल्या आधी आलं होतं. मग तरसाची मोटरसायकल गेली. ती उजवीकडची होती. मग बकऱ्या गेल्या. मग एक ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये आला. त्याची उजवी बाजू नेमकी कुठली धरायची, यावर हेरंब विचार करत राहिला आणि तेवढ्यात ट्रॅक्टरही गेला.

मागून हॉर्न वाजला. हेरंबचे सगळे काटे उभे राहिले आणि सीटला भोकं पडली. आपल्या सात पिढ्या कोणी काढल्या, म्हणून त्याने मान वळवून पाहिलं. मागे एक कोल्हा होता आणि तो हसून हात करत होता. आपल्याकडे, मुलांनो, हॉर्नचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की मी मागे आहे आणि माझं बरं चाललंय.

कार्यालयातली सनई थांबली. लाऊडस्पीकर खरखरला. 'मुलीची थोरली बहीण जिथे असेल तिथून ताबडतोब मांडवात यावी.'

"अहो," अबोली म्हणाली, "जरा नाक घाला."

"काय घालू?"

"गाडीचं नाक. थोडं पुढे घातलं, की ते थांबतात."

"ही दादागिरी झाली, अबोली. आपला नंबर येईल."

"इथे रात्रीपर्यंत येणार नाही तो."

हेरंबला ते पटलं. म्हणजे नंबर येणार नाही, एवढं पटलं. कोणीतरी यांना समजावल्याशिवाय काही व्हायचं नाही, असं म्हणून तो दार उघडून उतरला. चौकाच्या मधोमध काटे फुलवून उभा राहिला आणि जो आधी येईल तो आधी, तिथपासून त्याने सुरुवात केली. आपल्याकडे ऐकण्याची आवड फार. गेलेली रिक्षा वळून आली, मोटरसायकल वळून आली, बकऱ्या परत आल्या. एका माकडाने विचारलं, "साहेब, कुठल्या पक्षातर्फे उभे आहात?"

लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला. गुरुजी म्हणत होते, की मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.

अबोली सरकून भोकं पडलेल्या सीटवर बसली. पहिला गिअर टाकला आणि नाक घातलं. समोरून अस्वलाचा टेम्पो आला, मधाचे डबे लादलेला. दोघांत वीतभर अंतर राहिलं. अबोलीने काच खाली करून मान बाहेर काढली. इतक्या मोठ्याने ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

"दादा, बहिणीचं लग्न आहे. गुरुजी खोळंबलेत."

अस्वलाने टेम्पो बंद केला. "कुणाची गं तू? बांधावरच्या साळिंदराची थोरली का?"

"हो."

"मग बये, आधी नाही का सांगायचं?"

अस्वल उतरलं. खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि दोन्ही हात वर करून चौकाचा ताबा घेतला. रिक्षा मागे घे, बकऱ्या त्या अंगाला, लग्नाची गाडी आहे. ते ऐकून सगळेच उतरले आणि ज्याने त्याने आपापल्या मताने हात दाखवायला सुरुवात केली. रानडुकराने रिक्षा मागे घेताघेता विचारलं, की मुलगा काय करतो. अबोली म्हणाली, बँकेत आहे. रानडुकराला ते पसंत पडलं. जेवायला काय, हे कोल्ह्याने विचारलं. बासुंदी आहे म्हटल्यावर तोही मागोमाग निघाला.

चौकाच्या मधोमध अबोलीने गाडी जरा हळू केली, डावीकडचं दार उघडलं आणि हेरंबला आत घेतलं. तो दुसऱ्या नियमापर्यंत आला होता.

"इथे कोणालाच शिस्त नाही," तो म्हणाला.

"हो ना," अबोली म्हणाली आणि दुसरा गिअर टाकला.

मांडवात अंतरपाट धरलेला होता. गुरुजी घशाशी आलेलं पहिलं मंगलाष्टक आवरून बसले होते, कारण शाल्मली पाटाशेजारी उभी होती, पाटावर नाही. अबोली पाठीशी येऊन उभी राहिली, तेव्हा शाल्मलीने मागे न बघताच पाटावर पाय ठेवला.

"ताई, कुठे अडकलीस?"

"तुझे भाऊजी चौकात शिकवत होते."

"मग, शिकले का कोणी?"

अबोलीने खाली मान घातली. करवलीने मंगलाष्टकं चालू असताना हसू नये म्हणतात.

पुढच्या सुटीला परदेशी जंगलात आपल्याकडची साळिंदरं पुन्हा जमली. वडे झाले. हेरंबने सगळी हकीगत सांगितली. भर चौकात उतरून पाच मिनिटं समजावलं, तर अख्खा चौक आपोआप मोकळा झाला. आपल्याकडचे लोक वाईट नाहीत. सांगणारा भेटत नाही. चारही साळिंदरांनी माना हलवल्या. अबोली चटणी वाढत होती. तिने मध्ये तोंड घातलं नाही. सगळे गेल्यावर मात्र म्हणाली, की उद्या गाडीची किल्ली ठेवून जा, मी लायसन्सची परीक्षा द्यायला निघालेय.

हेरंब तिला रात्री झोपेपर्यंत सगळे नियम समजावत राहिला. सकाळी जाताना किल्ली मात्र तो ठेवून गेला.

तात्पर्य: शिस्तीचं महत्त्व फार आहे, मुलांनो. ते पटवून द्यायला घरातल्या एकाने वेळोवेळी गाडीतून खाली उतरावं. म्हणजे दुसऱ्याला ती पुढे काढता येते.