बापूभाऊंचा कापूस

ड्रम वाजवण्याआधी शेजाऱ्यांना घरोघर कापूस वाटणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे बापूभाऊ. दर रविवारी चार वाजता, शिंदखेड्याच्या शेतातला कापूस सरकी काढून पिशवीत भरायचा आणि दीपनगरच्या आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत दारोदार फिरायचं. "अक्का, कानमा घाली ल्या. आते बॉयलर पेटस!"

बॉयलर हे त्यांच्या हेवी मेटल बँडचं नाव. ड्रमवर बापूभाऊ, गायला माझा दादा, गिटारवर आणखी दोघं. दादा गातो म्हणजे नेमकं काय करतो, हे आईला कधीच कळलं नाही. ती आपली मिठाच्या गुळण्यांचं पाणी तयार ठेवायची. पण एक काळ असा होता, की जळगावपासून धुळ्यापर्यंत पोरांनी केस वाढवले ते या चौघांमुळे. गावोगाव त्यांची नक्कल करणारे बँड निघाले. न्हाव्यांनी बापूभाऊंना शिव्या घातल्या.

मग हळदीला डीजे आले. नक्कल करणाऱ्यांनी केस कापले. एक गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, दुसऱ्याने धुळ्यात डीजेच काढला. शेवटच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. चिडलेला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाप्या, तुझ्या बडवण्यात माझं गाणं मेलं."

बापूभाऊंनी काठ्या पिशवीत घातल्या. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. घरं मात्र एकाच ओळीत, मध्ये चार दारं.

रविवार चुकला नाही. बापूभाऊ एकटेच वाजवत. त्याआधी आमच्या दारात आईला दोन बोळे, मला दोन.

मी एकदा विचारलं, "आणि दादाला?"

"तेले नको, ताई. तेले ऐकू दे."

ड्रम सुरू झाला की दादा उठून खिडकी लावायचा आणि टीव्ही मोठा करायचा. मी मध्ये पडले नाही. पुस्तकात मान घालून बसले. अशी अकरा वर्षं गेली. आमचा उंबरा बापूभाऊंनी ओलांडला नाही, ती चार दारं दादाने.

मागच्या थंडीत दादा गेला. दोन्ही गिटारवाल्यांनी फोनवर जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. बापूभाऊ आले, पिशवी घेऊनच. दादाला अंघोळ घालून झाल्यावर कापूस त्यांनीच काढून दिला. नाकात बोळे घातले गेले. कानांसाठी नानाकाकांनी पुन्हा हात पुढे केला, तसं बापूभाऊंनी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"तेना कानमा नका घालू, नाना," ते म्हणाले. "तेले ऐकू द्या."