कुठंवाले डॉक्टर

आमच्या गल्लीत एक माणूस असा आहे की तो दिसला की बाया उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल मागं घेतात. गुंड नाही, दारुडा नाही. डॉक्टर आहे. पण सुई टोचणारा नव्हे. शहरातली माणसं कुठून कुठं जातात, कशानं जातात आन कशाला जातात, यावर जाडजूड पुस्तक लिहून डॉक्टर झालेला. नाव वानखेडे. मूळचा हदगावकडचा. इथं लातुरात माझ्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. सकाळ झाली की गल्लीच्या तोंडाशी उभा. हातात पाटीएवढा टॅब, गळ्यात ओळखपत्र, आन जो बाहेर पडंल त्याला गोड हसून विचारणार, "नमस्कार! कुठं निघालात?"

आता आमच्या मुलखात निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारीत नाहीत. विचारलं की टोकलं. टोकलं की काम होत नाही. मग माघारी फिरायचं, चप्पल काढायची, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आन मग निघायचं. फार तर 'निघालाव का?' एवढंच म्हणावं. शेंबड्या पोराला कळतं हे. या माणसाला कळत नव्हतं, आन कुणी सांगतही नव्हतं. एवढं शिकलेलं माणूस, मुद्दामच विचारत असंल, सरकारी काम असंल, असं जो तो समजायचा. पाठीमागं मात्र गल्ली त्याला 'कुठंवाले डॉक्टर' म्हणायची.

समोरची शकुंतला एकदा पोरीच्या सोयरिकीला निघाली. नवी साडी, पिशवीत पेढे. यानं गाठलं. "ताई, कुठं निघालात? प्रवासाचा हेतू काय?" ती तशीच वळली. पाणी पिऊन पुन्हा निघाली. याला वाटलं ही दुसरी फेरी, म्हणून पुन्हा विचारलं. ती पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला ती मागच्या दारानं गटार ओलांडून गेली. डॉक्टरनं टॅबवर टिपलं, 'परत आल्या. कारण कळले नाही.'

त्याचा दुसरा नेम म्हणजे फुटपाथ सोडायचा नाही. मेनरोडला फुटपाथ कुठाय? एकाची भांडी, एकाचा रसवंतीचा चरक, एकाची नुसतीच बसलेली म्हैस. हा माणूस त्यातूनच जाणार. "माफ करा, हा पादचारी मार्ग आहे," म्हणत पातेल्यांच्या उतरंडीवरून टांग टाकणार. भांडीवाल्याला आधी राग यायचा. आता तो घंगाळ बाजूला सरकवतो आन म्हणतो, "या सर, तुमचाच रस्ता हाय."

संध्याकाळी हा माझ्या बाजेपाशी येऊन बसायचा. माझी बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या, त्यापेक्षा हा बरा. याचा एक लाडका शब्द होता, पोहोच. "अप्पा, तुमची पोहोच काढू." मग टॅबवर बोटं फिरवायचा. घरापासून दवाखाना, बँक, भाजी, बसस्टँड. कुठं किती वेळात पोचता येतं त्याचे हिरवे-पिवळे गोळे. "अप्पा, तुमची पोहोच उत्तम आहे हो! सगळं जवळ."

मी म्हणलं, "सगळं जवळ हाय, पण मला त्यातलं काहीच नको. जळकोटाकडं माझं उलीसं रान हाय. तिथं ही हाय. ह्या महिन्यात तिचं वर्ष हाय. तिथली काढ."

त्यानं बोटं फिरवली. गोळा काही येईना. शेवटी खालच्या आवाजात म्हणला, "तिथली पोहोच शून्य दाखवतंय, अप्पा. मुख्य अडचण शेवटच्या मैलाची असते. जगभर हाच प्रश्न आहे."

"शेवटच्या मैलाचा प्रश्न जित्या माणसाला," मी म्हणलं. "मेल्यावर चौघं खांद्यावर नेतात. आम्हा लिंगायतांत तर बसवून नेतात. सीट पक्की."

तो हसावं का नाही या विचारात बसला. मीपण हसलो नाही. हिला नेलं त्या दिवशी मी मागं मागं चाललो होतो, गुडघा दुखत होता आन पहिल्यांदाच ही माझ्यापुढं चालली होती. वर्षाला मी समाधीपाशी असायचं, बेल आन पाणी माझ्या हातानं घालायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही राहिलंच नव्हतं.

त्याच दिवसांत तो मला एका परिसंवादाला घेऊन गेला. विषय, म्हाताऱ्या आन अपंग माणसांना शहरात सुखानं कसं फिरता यावं. सभागृह तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला कुलूप, आन किल्लीवाला पाहुण्यांसाठी हार आणायला गेलेला. मी कठडा धरत धरत चढलो. मंचावरचे साहेब म्हणले, "ज्येष्ठांचा सहभाग पाहून आनंद झाला." मी म्हणलं, "आनंद तुमचा हो, गुडघे माझे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी भाषण केलं.

मग आमचा डॉक्टर उठला. पडद्यावर आमची गल्ली. म्हणला, "या भागातल्या स्त्रिया घरातून निघतात आणि हेतू पूर्ण न करताच परततात. याला मी खंडित प्रवास म्हणतो." सभा हादरली. एक बाई म्हणल्या, हा असुरक्षिततेचा परिणाम. एकानं उन्हावर घातलं. एका दाढीवाल्यानं तर निजामाच्या काळापर्यंत नेलं. मला हात वर करून सांगावं वाटलं, अरे बाबा, हा परिणाम तुझ्या तोंडाचा! पण तेवढ्यात जेवण लागलं आन सगळे विद्वान एका दमात उठले. त्यांचा प्रवास काही खंडित झाला नाही.

हिच्या वर्षाच्या आदल्या दिवशी माझा मेव्हणा महादप्पा जीप घेऊन आला. त्याला लातुरातून किराणा न्यायचा होता, मला बरोबर घेऊन जायचं होतं. मी धुतलेलं धोतर नेसलो, पिशवीत बेल, विभूती आन हिच्या आवडीचे खारे शेंगदाणे घेतले. उंबरा ओलांडला, जीपच्या दांडीला हात घातला, आन मागून आवाज आला.

"अरे वा, अप्पा! कुठं निघालात?"

मी हात सोडला. माघारी वळलो. बाजेवर येऊन बसलो आन चपला काढल्या.

महादप्पा मागं धावला. "दाजी, बसा की! पाणी प्या अन् बसा."

"न्हाई."

"अहो, त्यांना काय कळतंय?"

"तुझ्या बहिणीचा कायदा हाय. साध्या भाजीला निघाली अन् टोकलं तर ती पाणी पिऊन जायची. देवाधर्माच्या कामाला टोकलं तर त्या दिवशी निघायचीच न्हाई. तिच्याच कामाला मी तिचा कायदा मोडू?"

"मरून वर्ष झालं, तरी तिचंच चालतंय तुमच्यावर."

"जित्तेपणी चाललं, आता कामून थांबंल?"

त्याला स्वयंपाकाचं सामान वेळेवर पोचवायचं होतं. तो कपाळावर हात मारून गेला. मी पुण्याला पोराला फोन लावला. तो म्हणला, अप्पा, गाडी बुक करून देतो. घंटाभरानं त्याचाच फोन आला. उद्या लग्नाची मोठी तिथी, लातुरातल्या सगळ्या गाड्या वऱ्हाडात. म्हणला, "अप्पा, घरीच फोटोला हार घाला ना." मी फोन ठेवून दिला.

तेवढ्यात डॉक्टर आत डोकावला. "अप्पा, तुम्ही परत आलात? म्हणजे प्रवास खंडित झाला?"

माझा तोल गेला. "तूच केलास खंडित! गल्लीतल्या समद्या बायांचा तूच करून राहिलास. निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारतात का रे? टोकलं की माणूस माघारी येतं. तुझ्या मायनं एवढं शिकवलं न्हाई?"

तो दारातच उभा राहिला. "म्हणजे शकुंतलाताई…"

"हाव."

"आणि बाकीच्या सगळ्या…"

"समद्या."

तो पायरीवर बसला. मग म्हणला, "अप्पा, माझा तो लेख छापून आलाय."

"कुठं?"

"परदेशात."

"मग राहू दे. तिकडं कुणाच्या बापाला कळतंय."

त्यालाही जरा हसू आलं. मग टॅबच्या काचेवरचा डाग पुसत, दुसऱ्या कुणाची माहिती सांगावी तसं त्यानं सांगितलं. "आई मला कळायच्या आधीच गेली, अप्पा. मी वसतिगृहात वाढलो. तिथं बाहेर पडताना कुणी काही म्हणायचंच नाही. टोकतात ते मला माहीतच नव्हतं."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

दिवस मावळायच्या आत तो जिना उतरून खाली आला. "अप्पा, उद्या सकाळी मी तुम्हाला नेतो. मला दुचाकी येत नाही, चारचाकी तर नाहीच. सायकलवरून लहानपणी पडलोय. पण एसटीनं जळकोट, तिथून जीपनं फाटा, आणि फाट्यापासून…" इथं तो अडखळला.

"फाट्यापासून शून्य," मी म्हणलं.

"बघू तिथं," तो म्हणला. डॉक्टर झाल्यापासून 'बघू' हा शब्द त्यानं पहिल्यांदाच वापरला असावा.

सकाळी स्टँडवर वऱ्हाडाची ही गर्दी. रांगेत कसं चढावं यावर या माणसानं भाषणं दिलेली. गाडी लागली तशी गर्दी तुटून पडली, आन हा खिडकीखाली 'कृपया रांग करा' म्हणत उभा. मी म्हणलं, "दस्ती टाक सीटवर!" त्यानं खिशातला रुमाल आत फेकला. तो एका बाईच्या मांडीवर पडला. तिनं तसाच बाहेर भिरकावला, वर दोन शब्द ऐकवले. मग यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून रिकाम्या सीटवर नेम धरून टाकलं. जागा मिळाली. माझ्यापुरती. तो जळकोटापर्यंत दांडीला लोंबकळत आला.

जीपमध्ये त्याच्या मांडीवर कुणीतरी शेळीचं पिल्लू ठेवलं. त्यानं तक्रार केली नाही. त्यानं तर ते पिल्लू नीट धरलं.

फाट्यावर उतरलो. रस्ता रिकामा, ऊन चढलेलं. त्यानं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, मी रस्त्याकडं पाहिलं. तेवढ्यात धूळ उडवीत एक टेम्पो आला, आत बँडवाले. आमच्याच गावात लग्न होतं. डॉक्टर सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. जन्मभर फुटपाथ न सोडलेला माणूस! टेम्पोवाल्यानं आईबाप काढले, पण थांबला.

ढोल आन ताशांच्या मधी आम्ही बसलो. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणला, "अप्पा, असल्या वाहनाला आमच्या टॅबात कोडच नाही."

लाल कोटातल्या एका वाजवणाऱ्यानं माझं धोतर, हातातली पिशवी पाहिली. "काय आजोबा, कुणाकडचे? नवरीकडचे का नवऱ्याकडचे?"

मी म्हणलं, "मी नवराच हाय."

टेम्पोभर हसू झालं. एकानं पिपाणीचा एक सूरही काढला. डॉक्टर एकटाच हसला नाही. त्यानं खड्ड्यात पिशवी उडू नये म्हणून माझ्या हातावर हात ठेवला आन गाव येईपर्यंत काढला नाही.

रानात पोचलो तर पूजा सांगायला आलेले स्वामी निघायच्या बेतात होते. महादप्पानं आम्हाला पाहून तांब्या खालीच ठेवला. "हे तर कालचे टोकणारे ना?"

"हेच. अन् आणणारेबी हेच," मी म्हणलं.

बेल माझ्या हातानं घातला. पाणी माझ्या हातानं घातलं. शेंगदाण्याची पुडी सोडून ठेवली. काय बोललो ते आमच्या दोघांतलं आहे, इथं लिहीत नाही. डॉक्टर लांब बांधावर उभा होता, उन्हात, बूट हातात घेऊन.

मग महादप्पाच्या ओसरीवर पंगत बसली. हिच्या आवडीची हुग्गी, गव्हाची, गुळाची, वरून तूप. गावात दिवसाची एकच गाडी येते, तीही दुपारी, म्हणून टॅबाच्या हिशेबात ती नव्हतीच; तीच परत जाते. येताना डॉक्टरनं मला दहादा बजावलं होतं, ती चुकली तर उद्यापर्यंत काही नाही, आन संध्याकाळी परदेशातल्या मोठ्या लोकांशी त्याची मीटिंग आहे. महादप्पाची बायको सरू त्याच्या ताटाशी ठाण मांडून बसली होती. "उलीसी अजून, सर. एवढीच. असं कसं, माझ्या हाताची हाय." तो 'नको नको' म्हणायचा आन ताटावरचा हात काढून घ्यायचा.

गाडी आली. पारापाशी हॉर्न वाजला. मी म्हणलं, "डॉक्टर, उठ. गाडी."

त्यानं मान हलवली. ऐकलं होतं त्यानं. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. कंडक्टरला महादप्पानं फोनवर सांगून ठेवलेलं होतं, तो बिचारा थांबला होता. डॉक्टरनं ताटातली हुग्गी बोटानं गोळा केली आन हळूच सरूला म्हणला, "काकू, उरली आहे का?"

गाडी गेली. धूळ ओसरीपर्यंत आली.

"अरे, तुझी मीटिंग?" मी म्हणलं. "तिकडं वाट बघतील ना!"

"नाही बघत, अप्पा," तो म्हणला. "उद्याबी असती गाडी." आन भिंतीला पाठ टेकून बसला.

सरूनं ताटं उचलली, आत गेली आन आतूनच आवाज टाकला, "सांजंला पिठलं टाकू का भाकरीबर? तिखट खाता का फिक्कं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग महादप्पाकडं.

"तुला विचारून राहिली," मी म्हणलं.

"मला?" तो म्हणला. मग माझ्याकडं वाकून, आत ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणला, "अप्पा, तिखट चालतं म्हणून सांगा ना."

मी ओरडलो, "सरू, तिखट कर गं! अन् जरा जास्तच टाक, खाणारा हाय!"